शंभर टक्के निकाल आणि नववीतले रिकामे बाक

शाळेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे आणि त्यात जनरल रजिस्टरं. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, कोपरे झिजून मऊ पडलेली. प्रत्येक मुलाला एक ओळ. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. एका दुपारी मी त्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि दहा वर्षं खाली उतरत गेलो. ‘पालकांचा विनंती अर्ज.’ त्याखाली वरीलप्रमाणेच्या दोन रेघा. त्याखाली परत दोन रेघा. मध्येच ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’, की मग पानभर त्याच रेघा. पोरगं का गेलं, कुठं गेलं, हे त्या रकान्यात कुठंच नव्हतं. मी तर नेमकं तेच शोधायला बसलो होतो.

ही शाळा कोल्हापूरच्या जुन्या पेठांतली. खाजगी, अनुदानित, पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, आठवीपासून सेमी, आणि फक्त मुलग्यांची. शाळेचं नाव देत नाही, पटाचे नेमके आकडेही देत नाही. ज्या मुलांबद्दल लिहितो आहे ती आणि त्यांची घरं ओळखू येऊ नयेत एवढ्यासाठी. मी तिथं गणित शिकवत आलो, पुढं पर्यवेक्षक झालो. पुढं ज्या चुका सांगणार आहे त्यांत माझी सही आहे.

सुरुवात झाली संच मान्यतेच्या कागदानं. ज्यांचा शाळेशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो की, अनुदानित शाळेत शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात, आणि हल्ली त्या पटात आधार जुळलेलीच मुलं धरतात. पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, अतिरिक्त ठरला की समायोजनात मिळेल त्या तालुक्याला. आमच्याकडची एक तुकडी गेली. एक सहकारी चंदगडकडे गेले. त्यांची मुलगी तेव्हा बारावीत होती. स्टाफरूममधली त्यांची खुर्ची बरेच दिवस कुणी हलवली नाही.

मग संस्थेची बैठक झाली. पट का घसरतो यावर जो तो बोलला. इंग्रजी माध्यम. सीबीएसई. पेठेतली घरं मोडून लोक फुलेवाडी, पाचगाव, कळंब्याकडं राहायला गेली, तिथनं लहान पोरगं एवढ्या लांब कोण पाठवणार. हल्लीच्या आईवडलांना मुलामुलींची एकत्र शाळा हवी असते. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना पाचवीचा वर्ग जोडत नेल्यामुळं आमच्यासारख्या पाचवीपासून सुरू होणाऱ्या शाळांचा दरवाजाच अरुंद झाला. आणि 2019 चा महापूर, मग 2021 चा. सुतारवाडा, नदीकाठच्या गल्ल्यांतली किती कुटुंबं एकदा वर सरकली ती परत खाली आलीच नाहीत.

यातलं एकही कारण खोटं नाही. पण या सगळ्यांत एक सोय होती, ती मला त्या वेळी कळली नाही. सगळी कारणं बाहेरची होती. शाळेच्या भिंतीच्या आतलं एकही नव्हतं.

उपायही मग बाहेरचेच ठरले. फ्लेक्स. रिक्षावर कर्णा. मे महिन्याच्या उन्हात शिक्षक दोघादोघांनी चौथीच्या मुलांच्या घरी. फ्लेक्सवर वर्षानुवर्षं एकच ओळ असायची, मोठ्या लाल अक्षरांत: ‘दहावीचा निकाल 100 टक्के’.

इथं जरा मागं जातो, कारण कोल्हापुरात बसून या विषयावर लिहायचं आणि ती गोष्ट सोडायची हे मला जमणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, हे आपण सगळे भाषणांत सांगतो. त्याच्या आधीची गोष्ट कमी सांगतो. 1901 पासूनच त्यांनी शहरात एकामागून एक बोर्डिंगं उभी करायला मदत केली. दसरा चौकाच्या आसपास फिरलं तर त्यातल्या काही वास्तू आजही दिसतात. खेड्यातला मुलगा राजाराम हायस्कुलात नाव घालतो आणि राहायला-जेवायला ठिकाण नाही म्हणून चार महिन्यांत परत जातो, हे त्यांनी पाहिलं होतं. नाव घालणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावाला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं. आमच्या बैठकीत मात्र आम्ही दोन्ही एकाच शब्दात बसवत होतो, ‘पट’.

म्हणून मी पट सुटा केला. आत येणारी मुलं एका वहीत, बाहेर जाणारी दुसऱ्या वहीत, इयत्तेवार. आत येणारी पाचवीला कमी झाली होती, ते दिसतच होतं. पण दुसऱ्या वहीनं माझी झोप उडवली. पाचवी ते आठवी जाणारी मुलं थोडी, विखुरलेली. आणि नववीला एकदम ढीग. निकालानंतरचे दोन आठवडे, मे अखेर आणि जून, दाखल्यांवर दाखले. दहा वर्षांत एकही वर्ष त्याला अपवाद नव्हतं. आठवीत भरलेले बाक दहावीत रिकामे व्हायचे आणि तो मधला एक मजला उतरताना मुलं गळून पडायची.

ही मुलं इंग्रजी माध्यमात गेली नव्हती. नववीत नापास झालेल्याला कोण घेणार?

कुठं गेली ते शोधायला यूडायस प्लसची, म्हणजे शाळांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलची, मदत झाली. मूल शाळा सोडून गेलं की त्याचं नाव पोर्टलवर ड्रॉपबॉक्समध्ये जातं आणि नवी शाळा त्याला तिथून आपल्याकडं ओढून घेते. कुणी ओढून घेतलंच नाही तर नाव तिथंच राहतं. आमच्या नववीच्या मुलांची नावं तिथं पडून होती. आमच्या लिपिकांनी ती यादी काढून माझ्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, ही सगळी सतरा नंबरची हायत.”

सतरा नंबर म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म. आठवीपर्यंत 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मूल शाळेतून काढता येत नाही. 2023 पर्यंत तर वरच्या वर्गात सरकत आलेलं कच्चं मूल पहिल्यांदा खऱ्या अर्थानं अडायचं ते नववीत. तिथं शाळेपुढं दोन वाटा असतात. त्याला नववीत परत बसवायचं, किंवा काठावर पास करून दहावीत घ्यायचं आणि वर्षभर त्याच्यावर राबायचं. तिसरी वाट कुठल्या नियमात नाही, पण अनेक शाळांना पाठ आहे. पालकाला बोलवायचं, समजुतीनं सांगायचं, “वर्ष कशाला वाया घालवता, दाखला घ्या, सतरा नंबर भरा, थेट दहावी होईल.” पालकाला ते उपकारासारखं वाटतं. तो अर्ज करतो. रकान्यात लिहिलं जातं, पालकांचा विनंती अर्ज. आणि दहावीच्या निकालातून एक नापास आधीच वजा होतो.

आमचा शंभर टक्के निकाल असा येत होता. मुद्दाम कट करून कुणी हे केलं नव्हतं. एका वर्षी दोन मुलांच्या बाबतीत झालं, निकाल शंभर लागला, कौतुक झालं, पुढच्या वर्षी त्या शंभरची धास्ती बसली. वर्गशिक्षकाच्या मनात एवढंच असायचं की माझ्या वर्गामुळं आकडा खाली यायला नको. मी स्वतः अशा पालकांशी बोललो आहे. चांगल्या शब्दांत बोललो आहे. त्या अर्जांवर शिफारशीची सही माझी आहे.

यादीतल्या पत्त्यांवर मी आणि एक तरुण शिक्षक, दोघं संध्याकाळी जायला लागलो. बरेच पत्ते बदलले होते, काही फोन बंद. जे भेटले त्यांतलं एक घर सांगतो.

थोरला नववीत गणितात आणि इंग्रजीत राहिला होता. आम्ही गेलो तेव्हा तो घरी नव्हता, आई होती. तिनं पाणी दिलं, बसायला चटई टाकली. धाकटा कोपऱ्यात बसून वही लिहीत होता, चौथीतला. मी सहज म्हणालो, हा पुढल्या वर्षी आमच्याकडं येईल म्हणायचा. ती माऊली थोडी थांबली, आणि आवाज न चढवता म्हणाली, “सर, थोरल्याला तुम्हीच नववीत काढलासा. ह्याला पण तुमच्याकडंच घालू होय?”

त्या घरातून उतरताना जिन्यात आम्ही दोघंही बोललो नाही. पटाचं कोडं माझ्यापुरतं तिथं सुटलं. पेठेत आणि करवीर तालुक्यातल्या गावांत मुलगा शाळेत येतो तो फ्लेक्स बघून येत नाही. थोरल्या भावामागं धाकटा येतो, चुलतभावामागं चुलतभाऊ, तालमीतल्या एका पोरामागं गल्लीतली चार. आम्ही एक पोरगं नववीत सोडलं की त्याच्या मागची सगळी रांग सोडत होतो, आणि मग तीच रांग मे महिन्यात रिक्षावरच्या कर्ण्यातून शोधत होतो.

थोरला कामावर होता तो पत्ता तिनं दिला. शिवाजी उद्यमनगरातला एक गाळा. दुसऱ्या दिवशी गेलो. कोल्हापूरचं उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, इथं ऑइल इंजिनांच्या काळापासून गल्लीगल्लीत लेथ आहेत. पुढं त्यातूनच शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहती वाढल्या, फौंड्र्या आल्या. गाळ्यात कूलंटचा तो आंबूस वास. पोरगं आता अठरा पूर्ण झालेलं. आधी नुसतं झाडलोट आणि माल उचलायला होतं, आता व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर, ऑपरेटरच्या हाताखाली. मला बघून गडबडलं, हात पुसले. “सर, बसा की ओ. च्या सांगतो.”

टेबलावर मशीन होऊन आलेले जॉब, म्हणजे सुटे भाग, मांडले होते. त्यानं एक उचलला, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरला, मागचा रॅचेट तीनदा वाजेपर्यंत फिरवला आणि वाचलं, चोवीस पूर्णांक सत्त्याण्णव. मग ड्रॉइंगकडं बोट दाखवून मला समजावलं की पंचवीसला वजा पाच पॉइंटची सवलत आहे, म्हणजे हा तीन पॉइंटनं कमी असला तरी पास. पॉइंट म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. दशांश अपूर्णांकांची वजाबाकी. याच मुलाच्या नववीच्या पेपरावर मी दशांश चिन्ह चुकलं म्हणून लाल गोल केले होते. त्यानं ते गणित इथं, उभ्यानं, हातात गरम लोखंड धरून शिकून घेतलं होतं. आणि दहावी अजून झाली नव्हती. सतरा नंबर भरला होता, पण परीक्षेच्या दिवसांत गाळ्यावर माल अर्जंट होता.

दहावी नाही म्हणून त्याला आयटीआयच्या मशिनिस्ट किंवा फिटर ट्रेडला बसता येत नव्हतं. त्या ट्रेडचा शिकाऊ उमेदवार म्हणून कंपनीत लागता येत नव्हतं. हाताला कसब होतं आणि कागद नव्हता. तो कागद आम्ही दोन वर्षांत त्याला मिळवून देऊ शकलो असतो.

यानंतर मी चौकशीची दुसरी बाजू हातात घेतली, जी मुलं आमच्याकडून दहावी होऊन गेली त्यांचं काय झालं. इथंही रजिस्टरात रेघाच. पहिल्या पाच नंबरांची खबर आम्हाला असायची, त्यांचे फोटो फ्लेक्सवर असायचे. बाकीच्यांची कुणालाच नव्हती. आम्ही तीन बॅचची मुलं फोनवर, ओळखीनं, व्हॉट्सअॅपच्या गटांतून गाठली. सगळी मिळाली नाहीत. पण जे चित्र उभं राहिलं त्यात एक गोष्ट मला अनपेक्षित होती. पंचेचाळीस-पन्नास टक्केवाली जी मुलं कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला गेली, ती बहुतेक ठीकठाक मार्गी लागलेली. साठ-सत्तर टक्केवाली, घरच्यांच्या आणि आमच्याही आग्रहानं अकरावी सायन्सला गेलेली, त्यातली कितीतरी अर्ध्यावर. कॉलेजात नुसतं नाव, दिवसभर अकॅडमी, बारावीला कसेबसे मार्क, नीटचा एक अटेम्प्ट, मग दुसरा, मग घरी. त्यांच्या वडलांनी ऊस बिलातले आणि सोसायटीच्या कर्जातले पैसे त्यात घातले होते.

या मुलांना सायन्सला कुणी ढकललं? ‘हुशार पोरगं आयटीआयला?’ हे वाक्य मी स्वतः वर्गात म्हटलं आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे मला माहीत होतं. पण ते मी सांगायचो पालकसभेत शेवटी, लोक चपला शोधत असताना.

भरतीवाल्या पोरांचंही तसंच. आमच्या भागात सैन्याची ओढ मोठी. पहाटे रंकाळ्याला पळणारी निम्मी पोरं भरतीच्या तयारीची. 2022 पासून अग्निवीर आलं, चार वर्षांची नोकरी, त्यातले चौथा हिस्साच पुढं कायम, तरी ओढ कमी झाली नाही. पण जनरल ड्यूटीला दहावीत एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 लागतात, हे नववीतल्या पोराला माहीत नसतं. त्याला वाटतं, छाती आणि धावणं बस्स. मी वर्गात ही अट फळ्यावर लिहिली त्या दिवशी मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “मग गणित सोडून चालणार न्हाई की सर.” मी वर्षभर जे सांगत होतो ते त्याला एका आकड्यानं पटलं.

या सगळ्यातून शाळेत काय बदललं ते सांगतो. यादी करून नाही, जसं झालं तसं.

सगळ्यात आधी दाखला. दाखला अडवायचा नाही, मागितला की द्यायचाच, हे पक्कं. पण नववीच्या मुलाचा अर्ज आला की वर्गशिक्षक आणि आणखी एक जण पालकांबरोबर बसणार, आणि मुलगाही तिथं असणार. सतरा नंबर हा शब्द शाळेकडून उच्चारायचा नाही. आणि रजिस्टरात खरं कारण लिहायचं. लिपिकांना भीती होती की तपासणीत विचारतील. मुख्याध्यापक म्हणाले, विचारू देत.

दुसरं, नववीचा दुपारचा तास. नववीचं गणित नववीच्या पुस्तकातून शिकवून उपयोग नव्हता. ज्याला अपूर्णांक येत नाही त्याला बहुपदी कशी येणार? आम्ही पाचवीपासून सुरू केलं. पण पाचवीचं पुस्तक चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात दिलं की तो लाजेनंच मरतो. तेव्हा मी उद्यमनगरातून एक जुना व्हर्नियर आणि दोन मायक्रोमीटर आणले, फौंड्रीतले नापास झालेले चार जॉब आणले. मुलं मोजायला लागली. व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटर वाचता येतं म्हणजे काय, यावर दोन दिवस गेले. एका पोराच्या वडलांचं स्वतःचं मशीनशॉप होतं, ते एकदा येऊन बसले आणि म्हणाले, आमच्या कामगारांना पण पाठवतो तुमच्याकडं. हा तास आजही चालतो. सगळी मुलं त्यातून पास झाली असं नाही, पण तासाला यायची थांबली नाहीत.

फुटबॉलचं भांडण जुनं. हंगामात शाहू स्टेडियमवर सामना असला की वर्ग अर्धा. तालमीचा, म्हणजे गल्लीतल्या मंडळाचा, फुटबॉल संघ म्हणजे पोराच्या जिवाचा तुकडा. आम्ही वर्षानुवर्षं दंड, पालकांना बोलावणं, सगळं करून थकलो होतो. यावेळी आमचे खेळाचे शिक्षक तालमीत गेले, तिथल्या जाणत्यांशी बोलले. ठरलं असं की आमची पोरं सराव सकाळी करतील आणि शाळेत हजेरी नसेल त्या पोराला त्या आठवड्यात संघात घेणार नाहीत. शाळेच्या सूचनेपेक्षा तालमीतल्या दादांचा शब्द पोरांना वजनदार. एवढी साधी गोष्ट करायला आम्हाला इतकी वर्षं का लागली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग दहावीनंतरचा जून-जुलै. आमच्या लक्षात आलं की निकालानंतर शाळेचा आणि मुलाचा संबंध गुणपत्रकाच्या खिडकीवर संपतो, आणि खरी गळती त्याच्या पुढच्या दोन महिन्यांत होते. उत्पन्नाचा दाखला नाही, जातीचा दाखला तहसीलमध्ये अडकलेला, आयटीआयची पहिली फेरी कधी झाली कळलंच नाही. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. ज्या घरात एकच फोन आणि तो वडलांबरोबर कामावर, तिथं पसंतीक्रम कोण भरणार? म्हणून शाळेची संगणक खोली त्या दोन महिन्यांत संध्याकाळी उघडी ठेवली. दाखल्यांचं काम नववीच्या दिवाळीतच सुरू केलं. आणि दहावीत एखाददुसऱ्या विषयात राहिलेल्यांना जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसवायचंच, शाळेत वर्ग घेऊन. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी नापासलाही आयटीआयत जागा असते, तेही सांगायचं, पण आधी जुलै.

एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेकडं नव्यानं पाहिलं. आठवीत ही परीक्षा पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मुलगा सरकारी किंवा अनुदानित शाळेत हवा. म्हणजे ही रक्कम मुलाला नेमकी त्याच वर्षांत टेकू देते ज्या वर्षांत घरचे म्हणतात, आता कामाला लाव. यापूर्वी आम्ही फक्त वरची पाच-सहा मुलं बसवायचो. निकालाचा आकडा इथंही आडवा यायचा.

विरोध झाला. माझे दोन ज्येष्ठ सहकारी, ज्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी स्पष्ट सांगितलं की निकाल पडेल आणि पडलेला निकाल बघून आहे तीही मुलं जातील. त्यांचं पहिलं भाकीत खरं ठरलं. निकाल पडला. मुळात दहावीला मुलग्यांचा निकाल मुलींपेक्षा खालीच असतो. 2025 मध्ये राज्यात मुली 96.14 टक्के आणि मुलगे 92.31 टक्के उत्तीर्ण झाले. फक्त मुलग्यांच्या शाळेनं कायम शंभर दाखवायचं म्हणजे कुठंतरी कुणीतरी गाळलं जाणारच, हे मी बैठकीत मांडलं. संस्थेचे एक वयस्क सदस्य बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, “नापास झालेली ती पोरं आता कुठं आहेत?” मला प्रत्येकाचं सांगता आलं. जुलैच्या परीक्षेला कोण बसलं, कोण कुठल्या ट्रेडला, कोण घरी. त्या दिवशी तो विषय तिथं थांबला.

त्या वर्षी लाल अक्षरांचा फ्लेक्स लागला नाही. त्याऐवजी दरवाजाच्या आत, व्हरांड्यात, एक साधा फळा लावला. तीन वर्षांपूर्वी दहावी झालेली मुलं आज कुठं आहेत, त्यांच्या परवानगीनं, टक्के न लिहिता. डिप्लोमा दुसरं वर्ष. फिटर, कागल वसाहतीत अप्रेंटिस. बी.कॉम. करत दुकान सांभाळतो. गोकुळ दूध संघाच्या संकलन केंद्रावर. बारावी परत देतोय. हो, तेही लिहिलं, कारण त्या मुलानंच लिहा म्हणून सांगितलं. प्रवेशाच्या दिवसांत पालक कार्यालयात जायच्या आधी त्या फळ्यापुढं उभे राहतात. बोट फिरवत वाचतात. एखादं नाव ओळखीचं निघतं, “हे आमच्या गल्लीतलं की,” आणि मग पुढचं बोलणं सोपं होतं.

पटाचं म्हणाल तर गेलेली तुकडी परत आली नाही. पाचवीला मुलं अजून कमीच येतात आणि ते आमच्या हातात फारसं नाही. आठवीला मात्र, सातवीपर्यंतच्या शाळांमधून, गावाकडची मुलं पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागली. आणि नववीचा जूनमधला ढीग उरला नाही. दुसरी वही त्या महिन्यात जवळजवळ कोरी राहते. जी एखाददुसरी ओळ असते तिच्यापुढं कारण लिहिलेलं असतं. ‘वडिलांची बदली, गडहिंग्लज.’ ‘आजीकडे राहण्यास, शाळा अमुक, प्रवेश झाल्याची फोनवर खात्री.’

उद्यमनगरातल्या त्या थोरल्यानं नंतर परत फॉर्म भरला. त्याच्या मालकांशी मी बोलून आलो होतो, परीक्षेचे दिवस सुट्टी मिळाली. मराठी, इंग्रजी, सामाजिक शास्त्र निघालं. गणित राहिलं, तीन मार्कांनी. रविवारी सकाळी तो माझ्याकडं येतो, व्हर्नियर आता त्याला लागत नाही, बीजगणित लागतं. धाकटा पाचवीला आमच्याकडं आला नाही, जवळच्या दुसऱ्या शाळेत गेला. आईला मी काही म्हणालो नाही.

यादीतली दोन नावं अजून ड्रॉपबॉक्समध्येच आहेत. त्यातला एक शियेच्या पुढं कुठंतरी वीटभट्टीवर आईवडलांबरोबर आहे असं कळलं होतं. गेलो तर भट्टी हंगाम संपून विझलेली होती. दुसऱ्याचा फोन लागत नाही. लिपिकांनी त्या दोघांपुढं पेन्सिलनं गोल केला आहे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते नंबर लावून बघतात.